छाप पडू नये म्हणून

ओलेटा: नाही, नाही, नाही. काळं नको म्हटलं ना, बर्ल? ते आधी आत ठेव.

बर्ल: ओलेटा, माझ्या दुकानातला निम्मा माल काळाच आहे.

ओलेटा: मग उरलेला निम्मा दाखव. माझ्या भावजयीसाठी घ्यायचंय. काहीतरी देखणं, दुसरीकडे दिसणार नाही असं. चारचौघींत पर्समधून निघालं तर बायकांनी विचारायला हवं, कुठून घेतलंस गं?

बर्ल: चारचौघींत ते पर्समधून काढायची वेळ आली, तर बायका काही विचारणार नाहीत. टेबलाखाली शिरतील.

ओलेटा: बघ वायनेल, हा शाळेपासून असाच. कुजकट. मास्तरीणबाईंनी ह्याला वर्षभर एकटं बसवलं होतं ते उगीच नाही.

वायनेल: हं.

बर्ल: मिस वायनेल, तुम्ही उभ्या का? बसा ना त्या स्टुलावर. माशांच्या टाकीचा आवाज नको असेल तर पंप बंद करतो. गळाला लावायचेच मासे आहेत, घटकाभर मरत नाहीत.

वायनेल: असू दे. तुमचं भांडं आणलंय. राजम्याचं. तळाला पट्टीवर तुमचं नाव होतं.

बर्ल: त्याची काही घाई नव्हती.

ओलेटा: तुला नसेल, हिला आहे. सकाळपासून भांडी पोचवत गावभर फिरतोय आम्ही. मयतीला अख्ख्या चर्चनं रांधून आणलं होतं रे. कोंबडी-भात, चीजमधल्या शेवया, परत कोंबडी-भात. फ्रीजरमध्ये बोट घालायला जागा नाही, आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. आता ज्या दारात जावं तिथं तेच. कशी आहेस गं वायनेल? आणि ही म्हणते, बरी आहे.

वायनेल: बरी आहे.

ओलेटा: ऐकलंस? असं चाललंय. म्हणून म्हटलं, हिला काहीतरी छानसं घेऊन द्यावं. वाढदिवस येतोय तिचा. पैसे मी देणार आहे, तेव्हा उगीच स्वस्तातलं पुढे करू नकोस.

बर्ल: भेट म्हणून पिस्तूल.

ओलेटा: मग काय द्यायचं, शाल? ती राहते कुठं ते माहीत आहे ना तुला? फाटकापासून घरापर्यंत यायचं तर कुत्रा दमतो. रात्री रानडुकरं येतात, रस्त्यावरून त्या तेलाच्या पाइपलाइनवर काम करणारी परकी माणसं जातात. गारलंड होता तोवर प्रश्न नव्हता. आणि बर्ल, तुझ्या तोंडावर दिसतंय तुला काय म्हणायचंय ते, पण माझ्या भावाच्या हातून साफ करताना गोळी सुटली म्हणून जगातली सगळी पिस्तुलं काही वाईट होत नाहीत.

बर्ल: मी काही म्हणालो नाही.

ओलेटा: फक्त काळं नको. त्याचं काळं होतं.

बर्ल: बरं. मग हे बघा. निकेलचा मुलामा आहे, वेलबुट्टी हातानं कोरलेली, आणि मूठ शिंपल्याची. इटलीचं आहे. जुनं, पण नव्याला लाजवेल असं. आधी ते रिकामं आहे हे मी बघणार, मग तुम्ही बघणार. आणि नेम धरायचाच असेल तर त्या भिंतीवरच्या डुकराच्या मुंडक्यावर धरायचा. माझ्यावर नाही, ओलेटावरही नाही.

ओलेटा: अगंबाई! दागिनाच आहे की. वायनेल, घे ना हातात.

वायनेल: रिकामं आहे.

बर्ल: आहे.

वायनेल: हे घेते.

बर्ल: अहो, हे पहिलंच आहे.

वायनेल: चांगलं आहे.

बर्ल: चांगलं आहे, पण गोळी बारीक. आणि ही शिंपल्याची मूठ घामानं निसटते. उन्हाळ्यात कसं करणार?

वायनेल: काय करतात?

बर्ल: काही करता येत नाही. म्हणून तर म्हणतो, अजून बघा. कॉफी घेणार?

ओलेटा: तुझी कॉफी नको. डांबर पिऊन मोकळं व्हावं त्यापेक्षा. ते गुलाबी सोनेरी काय आहे तिकडे?

बर्ल: ते डॅलसहून येणाऱ्या पोरींसाठी. नवऱ्याची जमीन असते, पोरी शनिवार-रविवार येतात, बुटांच्या रंगाचं पिस्तूल मागतात.

ओलेटा: लिपस्टिकसारखं दिसतंय.

बर्ल: आणि तितकंच लांब जातं. हे बघा, हे जरा वेगळं आहे. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचं. पोलादाला निळी झाक दिलीय, ती आता कुणी देत नाही तशी. मुठीत पिरोजा बसवलाय, न्यू मेक्सिकोतल्या माणसाचं काम. तो आता ह्या जगात नाही, तेव्हा असं दुसरं निघणार नाही.

ओलेटा: हेच! वायनेल, तुझ्या कानातल्यांबरोबर किती जाईल बघ.

वायनेल: जाईल.

बर्ल: कसं बाळगणार आहात? कमरेला, काखेत, की पर्समध्ये?

वायनेल: कसंही.

बर्ल: कसंही चालत नाही, मॅडम. ही मूठ जाड आहे. कमरेला लावलं तर ब्लाऊजवरून उठून दिसणार. आमच्या धंद्यात त्याला छाप पडणं म्हणतात.

ओलेटा: छाप?

बर्ल: आत जे आहे ते कापडावर उमटतं ना, ती छाप. सगळं जग आपली छाप पडावी म्हणून जिवाचं रान करतं, आणि माझं गिऱ्हाईक छाप पडू नये म्हणून पैसे मोजतं.

ओलेटा: मग एवढी नक्षी, एवढा पिरोजा, कुणासाठी रे? कापडाखाली कोण बघायला येणार आहे?

बर्ल: झाकली मूठ सव्वा लाखाची.

ओलेटा: तेही खरंच. गारलंडचं बरं होतं, रोजचं काळं वेगळं आणि बार्बेक्यूला लावायचं ठेवणीतलं वेगळं. आठवतं, चार जुलैला कमरेला लावून यायचा ते? हातभर नक्षी, मुठीवर लांब शिंगांचा बैल. मांस भाजतोय आणि मधून मधून पट्ट्यावर हात नेऊन बघतोय कोण बघतंय का. मी म्हणायचे, गारलंड, अरे पोट आत घे, बैल दिसत नाही आम्हाला. वायनेल, आठवतं?

वायनेल: आठवतं.

ओलेटा: हसायचीस तू.

वायनेल: हो.

ओलेटा: ते तू त्याच्याबरोबर पुरायला दिलंस. मला वाटलं होतं ठेवशील.

वायनेल: कमरेला लावूनच नेलं. कोटाखाली. दिसत नव्हतं.

बर्ल: मी बघितलं. चांगलं दिसत होतं. म्हणजे, दिसत नव्हतं ते चांगलं होतं.

ओलेटा: बर्ल, तू आज फार बोलायचं टाळतोयस आणि फार बोलतोयस. ते निळं बांधून दे. त्याच्याबरोबर चामड्याचा पट्टा, म्यान, जे काय लागतं ते.

बर्ल: मिस वायनेल, गोळ्या कुठल्या देऊ?

वायनेल: तुम्ही द्याल त्या.

बर्ल: किती?

वायनेल: किती देतात?

बर्ल: हे बघा, हे रिव्हॉल्व्हर तुमच्या हाताला बसत नाहीये. धरा जरा परत. करंगळी खाली लोंबतेय. असं नाही चालत.

ओलेटा: करंगळी लोंबली तर काय चोर परत जाणार आहे? थांब, फोन वाजतोय. चर्चमधून असेल. पिस्तुलाच्या वर्गाला मंगळवारी बायका किती येणार ते विचारतात मेल्या, आणि त्यांना एकदा सांगून कळत नाही. वायनेल, तू ठरव तोवर. मी बाहेर बोलते, आत आवाज येत नाही.

(दारावरची घंटा वाजते. ओलेटा बाहेर जाते.)

बर्ल: ओलेटा तुमची काळजी करते.

वायनेल: हो. बर्ल, ही पेटी तुमच्या दुकानातली ना?

बर्ल: कुठली?

वायनेल: ही. पर्समध्ये घालून आणलीय. सळई, ब्रश, फडकी, तेलाची बाटली. त्या दिवशी टेबलावर मांडलेली होती. शेरीफच्या माणसानं परत आणून दिली. वर किमतीची चिठ्ठी आहे.

बर्ल: अक्षर माझं आहे.

वायनेल: म्हणून आले. केव्हा घेतली त्यानं?

बर्ल: मिस वायनेल, ओलेटा आत येईल.

वायनेल: ओलेटाचे फोन लांबतात. बाटलीचं बूच फोडलेलं नाही. ब्रश कोरडा आहे. फडक्यांची पुडी बंद आहे. मी रोज काढून बघते. मला दुसरं काही नको, फक्त एवढं सांगा. केव्हा घेतली?

बर्ल: आदल्या दिवशी.

वायनेल: सकाळी?

बर्ल: दुपारी. जेवण करून आला होता.

वायनेल: म्हणजे त्या रात्री आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती आणलेली होती.

बर्ल: हो.

वायनेल: गाडीत असेल.

बर्ल: असेल.

वायनेल: मी भेंडी तळली होती. त्यानं परत मागून घेतली. म्हणाला, आज कुरकुरीत झालीय. मग बातम्या बघितल्या. मग मला म्हणाला, उद्या शहरात जाणार आहेस ना, माझ्या चष्म्याचा स्क्रू बसवून आण. मी बसवून आणला. घरी आले तर अंगणात गाड्या उभ्या होत्या. चष्मा माझ्या हातात.

बर्ल: मिस वायनेल.

वायनेल: सांगा ना तुम्ही. मला ऐकायचंय. घरी कुणी काही बोलत नाही.

बर्ल: काय सांगू?

वायनेल: तो कधी बंदूक साफ करायचा का?

बर्ल: तुम्हाला माहीत आहे.

वायनेल: मला माहीत आहे. तुम्ही सांगा.

बर्ल: गारलंडनं जन्मात बंदूक साफ केली नाही. त्या तेलाच्या वासानं त्याचं डोकं उठायचं. त्याच्या सगळ्या मीच करायचो, तो इथं ह्याच स्टुलावर बसून मला अक्कल शिकवायचा. ते काळं तर त्याच आठवड्यात करून दिलं होतं. आरशासारखं. त्यात साफ करायला काही उरलंच नव्हतं.

वायनेल: आणि मग पेटी मागितली.

बर्ल: मागितली. आणि मी काय केलं? मी हसलो. म्हटलं, काय रे गारलंड, म्हातारपणी शहाणपण सुचलं का? माझ्या पोटावर पाय देतोस? तोही हसला. म्हणाला, बायको म्हणते, किती दिवस दुसऱ्याकडून करून घेणार.

वायनेल: मी असं कधीच म्हटलं नाही.

बर्ल: ते मला नंतर कळलं.

वायनेल: शेरीफला सांगितलंत?

बर्ल: त्यानं विचारलं नाही. गारलंडच्या बंदुका कोण साफ करतं ते त्याला माहीत होतं. त्याच्याही मीच करतो.

वायनेल: म्हणजे त्याला ठाऊक होतं.

बर्ल: सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे "साफ करताना" म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. माझ्या काकाचं साफ करतानाच झालं. त्या पेकानच्या बागवाल्या म्हाताऱ्याचंही. पाद्री टोपी हातात घेऊन उभा राहतो, बायका भांडी झाकून आणतात, आणि सगळं गाव ती मूठ उघडत नाही. मला वाटायचं, बरी रीत आहे. घरच्यांना बरं पडतं.

वायनेल: मला नाही पडत.

बर्ल: ते दिसतंय.

वायनेल: त्यानं ही पेटी माझ्यासाठी घेतली असं तुम्हाला वाटतं का?

बर्ल: वाटतं. कुणी विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काहीतरी असावं. लोकांच्या नजरा खाली जाऊ नयेत. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसता यावं. त्यानं तेवढा विचार केला असणार.

वायनेल: लोकांना काय सांगायचं ते ठेवून गेला.

बर्ल: हो.

वायनेल: मला काय सांगायचं ते नाही ठेवलं. चिठ्ठी नाही. एक शब्द नाही. भेंडी कुरकुरीत झालीय, आणि चष्म्याचा स्क्रू. एवढंच आहे माझ्याकडे. का, बर्ल? इथं येऊन बसायचा, तुम्हाला काही बोलला असेल.

बर्ल: नाही हो. ते मला विचारू नका. पाऊसपाणी, गुरांचे भाव, आणि माझ्या कॉफीला शिव्या. रात्र रात्र आठवून बघतो, काही बोलला होता का, मी ऐकलं नाही का. काही सापडत नाही.

वायनेल: मलाही नाही सापडत.

बर्ल: आता मी एक विचारू?

वायनेल: विचारा.

बर्ल: हे पिस्तूल कशाला हवंय?

वायनेल: ओलेटाला वाटतं की—

बर्ल: ओलेटाला मी विचारलेलं नाही.

वायनेल: माहीत नाही.

बर्ल: सरळ विचारतो, राग मानू नका. जीव द्यायचा विचार आहे का मनात?

वायनेल: विचारलंत. अजून कुणी विचारलं नव्हतं.

बर्ल: मला उत्तर हवंय.

वायनेल: खरंच माहीत नाही. मरायचंय असं काही ठरवलं नाही. जगायचंय असंही नाही ठरवलं. मला काही वाटतच नाही, बर्ल. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं झालंय. जेवते, झोपते, गाईंना चारा टाकते. ओलेटा बोलते ते ऐकू येतं. मयतीत रडलेही नाही. बाहेरून दिसतं का हो? काही छाप पडते का माझी?

बर्ल: नाही. जराही नाही. म्हणूनच मला भीती वाटते.

वायनेल: कशाची?

बर्ल: हिरडी बधिर असली की माणूस स्वतःचाच गाल चावतो आणि त्याला कळत नाही. पिस्तूल घ्यायला आलेली बाई मला प्रश्न विचारून हैराण करते. चाप किती जड, आवाज किती होतो, साफ कसं करायचं, सुनेच्या पोरांपासून लपवायचं कुठं. तुम्ही आल्यापासून पिस्तुलाबद्दल आपणहून एक प्रश्न विचारला नाहीत. जे समोर ठेवलं ते घेते म्हणालात. म्हणून मी मघापासून काहीबाही खोडी काढतोय. करंगळी काही लोंबत नव्हती तुमची.

वायनेल: मला कळलं होतं.

बर्ल: मी आज तुम्हाला विकणार नाही.

वायनेल: हायवेवरच्या दुकानात मिळेल.

बर्ल: मिळेल. तिथला माणूस हसून देईल, वर टोपी फुकट देईल. मी काही तुमची वाट अडवू शकत नाही. फक्त माझ्या हातून नाही. ही पेटी माझ्या हातानं दिली गारलंडला, हसत हसत दिली. आता तुम्हाला दुसरं काही ह्याच हातानं द्यायचं म्हटलं तर मला ते जमणार नाही.

वायनेल: ठीक आहे.

बर्ल: घरात अजून किती आहेत?

वायनेल: कपाटात आहेत. रायफली, बापाची शॉटगन. मोजल्या नाहीत. किल्ली ह्या जुडग्यात आहे.

बर्ल: त्या माझ्याकडे आणून ठेवू द्या. मी येऊन नेतो. तेल लावून तिजोरीत ठेवीन. तुमच्याच राहतील, मन ताळ्यावर आलं की मागा, बिनबोभाट परत करीन. कुणी विचारलं तर सांगायचं, हंगामाआधी साफ करायला दिल्यात.

वायनेल: साफ करायला.

बर्ल: ह्या वेळी खरंच.

वायनेल: ही घ्या किल्ली. पितळेची आहे ती कपाटाची. आज न्या.

बर्ल: आजच येतो. आणि रात्री एकटं नका राहू काही दिवस. ओलेटाकडे झोपायला जा, नाहीतर तिला बोलवा. ती घोरते, पण माणूस आहे घरात एवढं कळतं. रात्री-बेरात्री तसलं काही मनात आलं तर मला फोन करायचा. मी जागाच असतो.

वायनेल: पेटीचं काय करू?

बर्ल: तुम्हाला काय करायचंय?

वायनेल: घरात नको. तुम्ही परत घेता का? वापरलेली नाहीये.

बर्ल: घेतो. द्या इकडे. हे बघा, काउंटरखाली गेली. परत डोळ्यांना दिसणार नाही.

ओलेटा: आले गं मी. बाहेर काय वारं सुटलंय.

बर्ल: झालं बोलणं?

ओलेटा: झालं.

वायनेल: कोण होतं?

ओलेटा: कुणी नव्हतं.

वायनेल: फोन वाजला ना?

ओलेटा: कपाळ वाजलं. मीच वाजवला. सकाळपासून ती पेटी पर्समध्ये घेऊन फिरतेयस, मला काय दिसत नाही? भांडं दे म्हटलं की पर्स घट्ट धरतेस. मला वाटलं, हिला बर्लशी बोलायचंय आणि मी असेन तोवर बोलणार नाही. म्हणून गेले बाहेर आणि बंद फोनवर बडबडले. लोक बघत होते.

वायनेल: ओलेटा, त्यानं—

ओलेटा: नको. मला काही सांगू नकोस. बर्ल, तूही नको. धाकटा होता माझा. त्याला सायकल मी शिकवली. तुमचं जे असेल ते तुम्ही ठेवा, वायनेलला कळायला हवं होतं, तिला कळलं, झालं. माझ्या भावाचं मला साफ करतानाच राहू दे.

वायनेल: बरं.

ओलेटा: मी मूर्ख नाही.

बर्ल: कुणी म्हटलं नाही.

ओलेटा: तू शाळेत म्हणायचास. जाऊ दे. रुमाल कुणाकडे आहे? हे काय, बंदूक पुसायचं फडकं देतोस?

बर्ल: धुतलेलं आहे.

वायनेल: ओलेटा, आज रात्री माझ्याकडे राहशील?

ओलेटा: राहीन की. त्यात विचारायचं काय? मी घोरते मात्र.

वायनेल: सांगितलं मला बर्लनं.

ओलेटा: ह्याला कसं माहीत? बर्ल, तोंड सांभाळ, लोक भलतंच समजतील. बरं, पिस्तुलाचं काय ठरलं? निळं बांधलंस का?

बर्ल: नाही बांधलं. हाताला बसत नाही तिच्या.

ओलेटा: झालं, म्हणजे माझी भेट गेली पाण्यात.

बर्ल: गेली कशाला? मूठ नवी करून घेऊ. त्यातच तर सगळी शोभा असते. ओढ्यापलीकडे एक कोरणारा माणूस आहे, वेड्या बाभळीच्या लाकडाची करतो. लालसर निघते, आत काळ्या रेघा. ज्याच्या हाताची त्याच्याच हाताची, दुसऱ्याला लागत नाही. अख्ख्या काउंटीत तशी कुणाकडे नसेल.

ओलेटा: हे बरं सुचलं तुला. किती दिवस लागतील?

बर्ल: लाकूड सुकायला हवं आधी.

ओलेटा: म्हणजे किती?

बर्ल: सुकेल तेव्हा सुकेल. बाभळीची घाई केली तर तडकते. मूठ झाली की मग बघू, पिस्तूल कुठलं आणि घ्यायचं की नाही घ्यायचं. तोवर आठवड्यातून एकदा येऊन हात दाखवून जायचा. माप घेतो.

ओलेटा: दर आठवड्याला? अरे, हात काय वाढतोय का तिचा?

बर्ल: रोडावलाय. बघ ना, अंगठी फिरतेय बोटात. आज माप घेऊन मूठ केली आणि उद्या हात भरून आला, तर ती काय कामाची?

ओलेटा: हो गं बाई. ही काही खातच नाही. वायनेल, तुला जमेल का दर आठवड्याला इतक्या लांब यायला?

बर्ल: कुठलाही वार चालेल, मिस वायनेल. मी इथंच असतो.

वायनेल: गुरुवारी येत जाईन.